साप कोणी काढायचा?

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या कुठल्याही वह्या-पेनांच्या दुकानात मागितला की पुठ्ठ्याचा पट मिळतो. एका बाजूला लुडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी. सोबत एक फासा आणि चार रंगांच्या सोंगट्या. शंभर घरं, त्यांत आठ-दहा साप आणि जवळपास तेवढ्याच शिड्या. शंभराच्या तोंडाशी एक लांबलचक साप हमखास दबा धरून बसलेला असतो. तो गिळतो तेव्हा पोरं किंचाळतात, फासा घरंगळत टाकलास म्हणून एकमेकांशी भांडतात. पण हा साप इथंच का, असं कुणी विचारत नाही. विचारून उपयोगही नाही. छापणाऱ्याला तिथं जागा दिसली, त्यानं साप काढला, इतकंच त्यामागचं कारण.

एके काळी मात्र या प्रश्नाला उत्तर होतं. घराला नुसता आकडा नव्हता, नाव होतं. सापाच्या तोंडाशी काय लिहिलंय आणि शेपटीशी काय, यांचा एकमेकांशी संबंध होता. आपल्याकडे त्याला मोक्षपट म्हणत, उत्तरेत ज्ञानचौपड, जैनांमध्ये ज्ञानबाजी. मनात जी मूल्यं मानतो ती रोजच्या वागण्यात उतरतात का, हे हातानं खेळून पाहायचा तो पट होता. त्याचा माग काढत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. पट कोण खेळलं यापेक्षा पट कोणी आखला, यावर सगळं फिरत आलं आहे.

मराठी वाचकाला मोक्षपटाची ओळख झाली ती मुख्यतः पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजुळ यांच्यामुळे. सापशिडीचा मूळ खेळ ज्ञानेश्वरांचा, असं डेन्मार्कमधल्या एका अभ्यासकाकडून त्यांच्या कानावर आलं, आणि ते हस्तलिखितांच्या मागे लागले. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात त्यांना दोन पट सापडले. साधारण वीस इंच लांब, तितकेच रुंद, पन्नास घरांचे. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. फाशाऐवजी सहा कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान.

ज्ञानेश्वरांची कथा अशी सांगतात: निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला बाहेर पडत, तेव्हा मागं राहिलेल्या सोपान आणि मुक्ताईला विरंगुळा हवा, म्हणून हा पट आखला गेला. कथा गोड आहे. गावानं वाळीत टाकलेली चार पोरकी भावंडं, दार लोटून घेतलेली झोपडी आणि जमिनीवर कोळशानं ओढलेल्या रेघा, असं चित्र आपसूक डोळ्यांपुढं उभं राहतं. पुरावा म्हणून मात्र ती टिकत नाही. ज्ञानेश्वरांचा काळ १२७५ ते १२९६. हाती असलेले पट त्यानंतर कित्येक शतकांनी रंगवलेले आहेत. आणि अशी कथा आपल्या एकट्याचीच आहे असंही नाही. तिबेटात पुनर्जन्माचा असाच एक पट खेळतात, त्याचं श्रेय साक्य पंडितांना देतात. त्यांचा काळ ११८२ ते १२५१. आजारी आईचं मन रमावं म्हणून त्यांनी तो रचला, असं तिथं सांगतात. म्हणजे हिमालयाच्या दोन्ही अंगांना, एकाच शतकाच्या आसपास, एक थोर पुरुष आणि घरात अडकून पडलेलं कुणी जिव्हाळ्याचं माणूस. कर्ता कोण हा वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही कथा पटाची जागा कुठली मानतात हे दिसतं: मठात नव्हे, घरात, प्रवचनाच्या वेळी नव्हे, रिकामपणी.

पक्कं सांगता येतं ते अठराव्या शतकापासून पुढं. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातले अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी हे पट गोळा करून त्यांच्यावर लिहिलं. त्यांचा पहिला मोठा निबंध १९८५ चा. लखनौला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या रिचर्ड जॉन्सननं १७८०-८२ च्या सुमारास मिळवलेला एक पट आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जैनांचा पट साधारण ८४ घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा, सूफींचा शंभराच्या आसपास. जैन घरांत पर्युषणाच्या दिवसांत, उपासाच्या लांबलेल्या दुपारी, विशेषतः बायका हा खेळ खेळत. कोल्हापूर जिल्ह्यात दिगंबर जैन शेतकऱ्यांची गावंच्या गावं आहेत, शहरात शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठ आहे, कुंभोजच्या डोंगराला बाहुबली आहे. इथल्या माणसाला दशलक्षण पर्वातली क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम ही नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. पटावरची घरं अशाच नावांची असत.

एक पट जरा जवळून पाहू. हरीश जोहरी यांनी १९७० च्या दशकात ‘लीला’ या नावानं इंग्रजीतून ७२ घरांचा वैष्णव पट छापून जगापुढं आणला. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी. चाल नांगरटीसारखी: एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. पहिल्या ओळीत जन्म, माया, क्रोध, लोभ, भूलोक, मोह, मद, मत्सर, काम. सहाही रिपू पहिल्याच ओळीत एकत्र बसवले आहेत. पण त्यांच्यातल्या एकाच्याही घरात सापाचं तोंड नाही. तिथं आहेत त्या शेपट्या. तोंडं वर आहेत. कुसंग चोविसाव्या घरात, तो खाली आणून टाकतो मदावर. द्वेष सोळाव्या घरात, त्याची शेपटी लोभावर. ईर्ष्येची मत्सरावर. अहंकार पंचावन्नाव्या घरात, त्याची शेपटी थेट क्रोधावर.

हे ज्यानं आखलं त्याला माणसाची चांगलीच पारख होती. ‘राग वाईट’ एवढंच सांगायचं असतं तर त्यानं रागावरच साप काढला असता. त्यानं उलटं केलं. राग हा पडण्याचा मुक्काम आहे. पाय घसरतो तो पन्नास घरं वर, माणूस स्वतःला कुणीतरी समजायला लागतो तिथं. ऑफिसात, घरात, रस्त्यावर आपण रागावतो तेव्हा नेमकं काय दुखावलेलं असतं, ते आठवून पाहावं.

आणखी दोन जागा पाहण्यासारख्या आहेत. भक्तीचं घर चोपन्नावं. तिथून शिडी सरळ वैकुंठाला, अडुसष्टाव्या घरात, आणि खेळ संपला. पण भक्तीला खेटून पुढचंच घर अहंकाराचं. कवड्यांतली एक इकडची तिकडं पडली की वैकुंठाऐवजी क्रोध. दुसरी जागा दयेची. सतराव्या घरात दया, आणि तिची शिडी पटावरची सगळ्यांत लांब: एकदम एकोणसत्तराव्या घरात. म्हणजे दयाळू माणूस वैकुंठाच्याही एक घर पुढं जातो, आणि म्हणूनच त्याचा खेळ संपत नाही. त्याला पुढं बहात्तरपर्यंत जावं लागतं, तिथं तमोगुणाचा साप बसला आहे, तो त्याला एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर, परत आणतो. तिथून तीनचं दान पडलं तर भक्ती, चारचं पडलं तर अहंकार. दया करणाऱ्याला पुन्हा माणसांत यावं लागतं, हे एवढ्या सहजपणे सांगणारी दुसरी जागा माझ्या वाचनात नाही.

मात्र या खेळात एक मोठी अडचण आहे, आणि तिला वळसा घालून जाणं बरं नव्हे. खेळणाऱ्याला इथं निर्णयच नाही. सारीपाटात दान पडल्यावर चार सोंगट्यांतली कुठली हलवायची, दुसऱ्याची मारायची की आपली वाचवायची, हे ठरवावं लागतं. डोकं लागतं, डावपेच लागतात. मोक्षपटात काही नाही. कवड्या टाका, मोजा, सरका. सद्गुणांचा खेळ, आणि सद्गुणी व्हायचं की नाही हे ठरवणार कवड्या! जुन्या माणसाकडं याला उत्तर होतं: दान म्हणजे पूर्वसंचित. ते मानणाऱ्याला प्रश्न पडत नाही. न मानणाऱ्यानं काय करायचं?

महानुभावांच्या परंपरेत एक कथा आहे. चक्रधर पूर्वी गुजरातेत प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव होते, आणि त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा बरंच हरले. देणं फेडायला पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिनं नकार दिला. मग हरिपाळांचं मन संसारातून उडालं आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं ते बाहेर पडले ते परतले नाहीत. पुढं ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली. द्यूतातलं दान हरिपाळांच्या हातात नव्हतंच. निर्णय दोन झाले, आणि दोन्ही पटाबाहेर: कमळाइसेनं दागिने न देण्याचा, हरिपाळांनी घर सोडण्याचा. संतांनाही खेळाचा मोह सुटला नव्हता. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, टिपरी, फुगडी यांवर अभंग आहेत. पण त्यांतही खेळातलं वर्म खेळणाऱ्याला कुणीतरी उलगडून सांगतं. फुगडी स्वतःहून काही शिकवत नाही.

मोक्षपटाचंही तसंच असावं. घरात सोंगटी गेली की नाव वाचायचं. ‘कुसंग.’ मग आजी म्हणणार, कोण रे तो तुझा नवा मित्र? पट निमित्त, बोलणं खरं. आणि निर्णय? तो खेळ सुरू होण्याच्या आधीच कुणीतरी घेऊन ठेवला आहे: दयेला लांब शिडी द्यायची, अहंकार भक्तीच्या शेजारी बसवायचा. ज्याच्या हातात बोरू त्याच्या हातात निर्णय.

बोरू दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसलं. १८९२ च्या सुमारास हा पट लंडनमध्ये विकायला आला. मांडणी तीच, नावं इंग्रजी मध्यमवर्गाच्या पसंतीची. शिड्या काटकसर, उद्योग आणि पश्चात्तापाच्या. त्या चढून जायचं ते यश आणि कृपेच्या घरात. साप चैन, आळस आणि आज्ञाभंगाचे. घसरायचं ते दारिद्र्य, आजारपण आणि बदनामीत. मोक्ष गेला, त्या जागी भरभराट आली. क्रोध, लोभ, मोह गेले. त्याऐवजी जे आलं त्यातला आज्ञाभंग लक्षात ठेवावा. त्याच्याशी आपलं पुढं काम आहे.

मग हळूहळू नावंही गळाली. नुसते आकडे उरले. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीनं सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या आणि घरांत मुलांची चित्रं काढली: बी पेरलं की वर जाऊन बाग फुललेली, हात सोडून सायकल चालवली की खाली येऊन हात गळ्यात. मला हा पट आवडतो, तो या साधेपणामुळे. सद्गुण आकाशातून उतरून परसात आले. पण दयेपासून वैकुंठापर्यंतचा जो पल्ला होता तो आता फुलझाडांपर्यंतच राहिला. भारतात परत आलेली सापशिडी तर त्याहून कोरडी. तिच्यात ना दया, ना सायकल. मोक्षपट विलायतेला गेला आणि लुडोच्या पाठीला चिकटून, आकडे घालून घरी आला.

असाच उलटा प्रवास आणखी एका पटाचा झाला. मे महिन्यात घराघरांतून जो ‘व्यापार’ चालतो, ज्यात मुंबईची जागा घेऊन दुसऱ्याकडून भाडं उकळायचं असतं, त्याचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या खेळात आहे. त्यांनी १९०४ साली त्याचं पेटंट घेतलं. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे कसे नागवले जातात हे लोकांना हातानं खेळून कळावं, हा त्यांचा हेतू. त्यांनी नियमही दोन प्रकारचे केले होते: एकात पैसा सगळ्यांत वाटला जाई, दुसऱ्यात एकाकडे गोळा होई. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं त्याच वळणाचा जो खेळ बाजारात आणला त्यात दुसरा प्रकार तेवढा राहिला. बाईंनी ज्यावर साप काढला होता, त्यावर कंपनीनं शिडी लावली. आपण ती शिडी चढायला मुलांना सुट्टीत बसवतो आणि नंतर संस्कारवर्गाला पाठवतो.

आता आज्ञाभंगाकडे येऊ, आणि कोल्हापुरात.

१९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला शहरातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहणारा, कुंभोजमध्ये जन्मलेला एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं: आंघोळ करून मगच आत ये. त्यानं आंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील.

हा प्रसंग आपण भाषणांत इतका ऐकला आहे की त्यातली बारीक गोष्ट निसटते. भाऊरावांपुढं काही मोठा तात्त्विक प्रश्न ठेवलेला नव्हता. प्रश्न होता दोन तांबे पाण्याचा. आंघोळ केली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, जेवण मिळालं असतं, शाळा सुरू राहिली असती, आणि मनातलं मत मनात ठेवता आलं असतं. मूल्य आणि रोजचं वागणं यांतलं अंतर नेहमी एवढंच असतं, म्हणून तर ते दिसत नाही. आणि गंमत पाहा: बोर्डिंगच्या पटावर तो साप होता, आज्ञाभंगाचा, अगदी लंडनच्या छापील पटावर असावा तसा. घसरून तो मुलगा खोलीबाहेर पडला. आज त्याच घरात आपण शिडी पाहतो. तिचं वरचं टोक १९१९ साली काले गावी सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेत आहे, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला निघालेल्या, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणाऱ्या वसतिगृहात आहे. घर तेच आणि कृतीही तीच. आखणारे बदलले.

महाराजांनी स्वतः अशी घरं बदलली. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणं, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हे हुकूम झाले. पण कोल्हापूरकर अजून ज्याची गोष्ट सांगतात ती चहाची आहे. गंगाराम कांबळे या आपल्या दलित सेवकाला महाराजांनी हॉटेल काढून दिलं, ‘सत्यसुधारक’. हॉटेल तर निघालं, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज रपेटीहून परतताना गाडी तिथं थांबवत, गंगारामला चहा मागत, स्वतः पीत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. हुकूम काढून लोकांना चहा पाजता आला नसता. कप स्वतःच्या हातात घ्यावा लागला. मी याला खेळच म्हणेन, अगदी गंभीर खेळ: सगळ्यांच्या देखत, रोजच्या रस्त्यावर, पुन्हा पुन्हा खेळलेला. प्रत्येक मानकऱ्याला आपली सोंगटी स्वतः हलवावी लागत होती, आणि दान टाकायला कवड्या नव्हत्या.

विसाव्या शतकात खेळातून मूल्यं रुजवण्याचं काम शाळांकडे आलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी पुढं १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडी आदिवासी अंगणांत नेली. मुलाच्या हाताला काम द्या, डोकं मागून येईल, हा त्यांचा पाया. कोल्हापुरात या वळणाचं मोठं नाव लीलाताई पाटील यांचं. ना. सी. फडक्यांची ही लेक. आयुष्य शिक्षकांना घडवण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर १९८५ साली त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. २०२० मध्ये त्या गेल्या. शिक्षा नाही, बक्षिसाचं आमिष नाही. मुलांनी पाहावं, हात घालावा, प्रश्न विचारावा, चर्चा करावी. आमच्या पटाच्या भाषेत बोलायचं तर साप आणि शिडी दोन्ही पुसून टाकायची आणि मुलाला घराचं नाव नीट वाचायला लावायचं. हे अवघड आहे. बक्षीस-शिक्षेवर चालणारा वर्ग सोपा असतो, त्यात शिक्षकाला फक्त फासा मोजावा लागतो.

मोठ्यांना आता हेच पैसे भरून मिळतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर लेगो कंपनीचे मालक आपल्याच बैठकांना कंटाळले. स्वित्झर्लंडच्या लोझानमधले योहान रूस आणि बार्ट व्हिक्टर हे दोन प्राध्यापक तेव्हा अशाच प्रश्नावर काम करत होते. त्यातून ठोकळे वापरून विचार करायची एक पद्धत निघाली. साहेब लोक टेबलाभोवती बसतात, ‘आपली कंपनी’ ठोकळ्यांतून बांधतात, मग त्यावर संकटं आणून बघतात: मुख्य गिऱ्हाईक गेलं, संप झाला, मग तुम्ही काय कराल? त्या उत्तरांतून रोजच्या निर्णयांसाठी दोन-चार साधी सूत्रं काढायची. २०१० मध्ये कंपनीनं ही पद्धत सगळ्यांना खुली केली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना हे सांगितलं तर ते हसतील, आणि हसावंही. पण त्यातली एक गोष्ट मोक्षपटाच्या पुढची आहे. तिथं बांधणारा आणि खेळणारा एकच असतो.

हेच कोऱ्या चार्ट पेपरवर जमतं. या मे महिन्यात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मुलांना तो देऊन बसवलं. कवड्या अंबाबाईच्या देवळाबाहेरून आणलेल्या. अट एकच: प्रत्येक घरात आपण खरंच करतो असं काहीतरी लिहायचं, आणि साप की शिडी ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ‘खोटं बोलणं’, ‘मोठ्यांचा मान’ असली पाठ्यपुस्तकी घरं पहिल्या दहा मिनिटांत भरून झाली आणि कंटाळाही आला. मग खरी घरं निघाली. आउट असून नाही म्हणणं. आज्जीचा फोन आला की ‘अभ्यास करतोय’ सांगणं. डब्यातली भाजी मांजराला घालणं. यावर मांजराच्या बाजूनं एक मत पडलं आणि छोटी शिडी मिळाली.

अडलं ते मित्राचं नाव सरांना सांगण्यापाशी.

“चुगली हाय ती. साप काढ,” एक जण म्हणाला.

“आणि त्यानं बारक्याला मारलं असंल तर?” सातवीतली एक मुलगी.

“मग सांगायला पायजे.”

“मग शिडी काढ की!”

शेवटी त्या घरातून साप आणि शिडी दोन्ही निघाली, आणि नियम असा झाला की तिथं येणाऱ्यानं कुठल्या वेळी काय केलं ते सांगायचं. बाकीच्यांनी हात वर करून ठरवायचं तो चढणार की उतरणार. कवड्यांच्या खेळात निर्णय शिरला तो असा, एका भांडणातून. मी काही सुचवलं नव्हतं.

दुसरं भांडण मोठं झालं. एकानं लिहिलं: गणपती पंचगंगेत सोडणं. शाळेत सांगतात काहिलीत किंवा इराणी खणीत विसर्जन करा, मूर्ती दान द्या, नदी घाण होते. घरी आज्जी सांगते, वाहत्या पाण्यातच सोडायचा, खणीत सोडला तर देव बुडाला की अडकला? दोन्ही बाजूंची मुलं तावातावानं बोलायला लागली; प्रत्येकाच्या पाठीमागं त्याचं घर उभं होतं. एकानं साप काढायला घेतला तर दुसऱ्यानं त्याचा हात धरला. मी मध्ये पडायला गेलो तर सातवीतली ती मुलगी म्हणाली, “काका, तुमी बसा. आमचा पट हाय.” मग तिनंच स्केचपेन बाजूला ठेवलं, पेन्सिल घेतली, साप पुसट काढला, शेपटी मात्र कुठंच टेकवली नाही.

“ही कुठं पडायची?” कुणीतरी विचारलं.

“ते गणपती झाल्यावर बघू. आधी आज्जीला खेळाय बसवूया.”